लहान ड्रम सेटला चार मायक्रोफोन पुरतात का?

धागाकर्ता: काल इथे एका सदस्याने लिहिले की, किमान आठ मायक्रोफोन लावल्याशिवाय केलेले ड्रमचे ध्वनिमुद्रण गंभीरपणे घेऊ नये. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (वादकासमोरचा करकरीत आवाजाचा ड्रम), दोन टॉम (घुमणाऱ्या आवाजाचे ड्रम) आणि मोजक्या सिंबलच्या (धातूच्या झांजांच्या) सेटबद्दल हे विधान मला साफ अमान्य आहे. ध्वनिमुद्रण अभियंता ग्लिन जॉन्स यांनी १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत लेड झेपेलिन या रॉक बँडचा पहिला अल्बम मुद्रित केला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर एक मायक्रोफोन असतो, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) बाजूने हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप करायच्या सिंबलच्या जोडीकडे) रोखलेला असतो, आणि किक व स्नेअरजवळ एकेक असतो. पहिले दोन स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून समान अंतरावर ठेवावे लागतात. त्यांत ३० सेंटिमीटरचा फरक राहिला, तर स्नेअरचा आवाज एकाकडे सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र केल्यावर ध्वनिलहरी एकमेकींना खोडून ५७० हर्ट्झच्या आसपास तो पोकळ होतो. मायक्रोफोन वाढवले की हा धोकाही वाढतो.

स्टुडिओचालक: ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. ऑलिम्पिकची खोली विसरून तुम्ही फक्त दोरी उचलता. माझ्या खोलीचे छत आठ फुटांवर आहे. मायक्रोफोन आणि छत यांत जेमतेम ८० सेंटिमीटर उरतात आणि छतावरून परतलेला आवाज सगळ्या सिंबलवर चढतो. अशाच चार मायक्रोफोनांवर मुद्रित केलेल्या एका गाण्यात फ्लोअर टॉम वर आणायचा होता, पण तो वेगळा उपलब्धच नसल्याने ड्रमरला पुन्हा बोलवावे लागले आणि तो खर्च मी सोसला.

धागाकर्ता: कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) मायक्रोफोन खाली रोखला, तर छत त्याच्या पाठीमागे येते, आणि तिथून येणारा आवाज तो बराच कमी घेतो. शिवाय तो ७५ सेंटिमीटरवर उतरवून पाहिलात का?

ड्रमर: दोघेही छतावर भांडत आहात, पण ड्रमवरची स्किन (ताणलेला पडदा) शेवटची कधी बदलली हे कोणीच विचारत नाही. मी ज्या ज्या खोल्यांत वाजवले, तिथे टॉमला मायक्रोफोन होते, पण मला सूर लावायला दहा मिनिटेही मिळाली नाहीत. टॉमजवळच्या मायक्रोफोनात सिंबल शिरतातच. टॉम वर आणाल, तेव्हा तेही वर येतील.

स्टुडिओचालक: सूर लावण्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो वेळ मी देत नाही, हेही खरे. पण सुरात लावलेला फ्लोअर टॉमसुद्धा हळू वाजवला गेला, तर तुमच्या दोरीने तो मोठा होणार नाही.

धागाकर्ता: ते नाकारता येत नाही. फ्लोअर टॉमला पाचवा मायक्रोफोन लावायला मी तयार आहे. आठांचे कारण मात्र तुम्ही अजून दिलेले नाही.