रक्त गोठतं, साकळतं की त्याची गुठळी होते?

प्रश्न (अशोक चौक, सोलापूर): मामांच्या पायाच्या शिरेत गुठळी निघाली. डॉक्टर ‘रक्त गोठलंय’ म्हणाले, आजी म्हणते ‘रगत साकळलंय’. अर्थ एकच का? ऐन मे महिन्यात सोलापुरात रक्त गोठेल कसं, असं धाकटी विचारते.

उत्तर: आजींचा शब्द सगळ्यांत नेमका. पाणी थंडीनं गोठतं, ऊब मिळाली की परत पाणी होतं. रक्ताचं तसं नाही. मी लॅबमध्ये काम करते. लाल झाकणाच्या नळीतलं रक्त भर उन्हाळ्यातही अर्ध्या तासात साकळतं. थंडीत ही क्रिया उलट मंदावते. जांभळ्या झाकणाच्या नळीत मात्र साकळत नाही, कारण तिच्यातलं ईडीटीए हे रसायन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि त्यावाचून पुढचं काही घडत नाही.

शीर फाटली की आधी प्लेटलेट या रक्तातल्या बारीक पेशी तिथं चिकटतात. मग यकृतात बनलेली प्रथिनं एकेक करून जागी होतात आणि शेवटी त्यांतलंच थ्रॉम्बिन हे रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं. हे खरोखरचे धागे असतात. तुमच्या भागातल्या मागावर सूत विणलं जातं तशी त्यांची जाळी होते नि रक्तपेशी तिच्यात अडकतात. ही क्रिया म्हणजे साकळणं. त्यातून बनते ती गुठळी. जखमेवर वाळली की खपली.

हे सगळं आवरतंही शरीरच. अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही रक्तातली प्रथिनं साकळण्याला लगाम घालतात, पुढे प्लाझ्मिन हे प्रथिन धागे तोडतं. त्याला ‘गुठळी विरघळणं’ म्हणावं. ‘वितळणं’ नको, पुन्हा बर्फच आठवतो.

अक्कलकोटहून: आमच्याकडे मुका मार लागून काळंनिळं पडलं तरच ‘साकळलं’ म्हणतात.

उत्तर: बरोबरच आहे. तिथं रक्त कातडीखाली उतरून साकळतं.

प्रश्नकर्ता: आणि ‘रक्त पातळ करायची गोळी’? रक्ताचं पाणी होईल म्हणून मामा घ्यायलाच तयार नाहीत.

उत्तर: हा शब्दप्रयोग मला फार खटकतो, त्यापायी माणसं औषध सोडतात. रक्त पातळ होतच नाही. वॉरफरिन ही अशीच एक गोळी. ती व्हिटॅमिन केच्या कामात आडवी येते, म्हणून यकृतातल्या त्या प्रथिनांपैकी 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाचे घटक अर्धवट राहतात आणि साकळायला जास्त वेळ लागतो. किती जास्त, ते रक्ततपासणीतला आयएनआर हा आकडा सांगतो. बहुधा तो 2 ते 3 मध्ये ठेवतात. असलेली गुठळी ही गोळी विरघळवत नाही, ते शरीर करतं. मामांना ‘गुठळी वाढू न देणारी गोळी’ असं सांगून बघा. ती वॉरफरिन असेल तर मेथी, पालक एकदम वाढवू नका की बंद करू नका, त्यांत व्हिटॅमिन के असतं.