थंड गावी बिऱ्हाड हलवताना: पहिला पैसा हीटरवर की छपरावर?

माळा (धागाकर्ता)

डोंगरातल्या गावी राहायला जाणाऱ्यांची खरेदी बहुतेक वेळा हीटरपासून सुरू होते आणि पहिल्या हिवाळ्याचं बिल हातात पडल्यावर फटी बुजवायची आठवण होते. माझं मत याच्या उलट आहे. आधी छप्पर, मग फटी, हीटर सगळ्यात शेवटी. उंचीच्या दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यामुळे मैदानी भागात खपून जाणाऱ्या घराच्या उणिवा वर गेल्यावर थेट मीटरवर दिसतात.

३ बाय ४ मीटरची, पत्र्याखालची एक खोली घ्या. बाहेर ३ अंश, आत १८ हवेत. नुसत्या पत्र्यातून १००० वॉटच्या वर उष्णता निघून जाते. बाहेरच्या बाजूच्या दोन वीटभिंतींतून ५००, दीड चौरस मीटरच्या एकेरी काचेतून सव्वाशे, फटींतल्या वाऱ्यामुळे ३०० च्या आसपास. बेरीज साधारण २००० वॉट. म्हणजे २ किलोवॉटचा हीटर अखंड चालेल तेव्हा कुठे १८ अंश टिकतील. पाच तासांचे १० युनिट.

त्याच पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करून त्यावर ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) अंथरलं की छपराचे १००० वॉट १२० वर येतात. फटी बुजवल्या की त्यांचे ३०० होतात ८०. एकूण साडेआठशे. हीटर तोच, बिल निम्म्याहून कमी.

फटी शोधायला वारा असलेल्या दिवशी पंखा बंद करून उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जातो तिथे ठीक. तो आडवा पडून आत ओढल्यासारखा वळतो तिथे पेन्सिलने खूण करा. खुणा बहुधा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, वायर आत येते त्या भोकाशी आणि दाराखाली सापडतात. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटर फट असेल तर भिंतीला साडेनऊ सेंटिमीटर चौकोनी भोक पाडल्यासारखंच झालं. चौकटीला रबराची पट्टी, दाराखाली ब्रशची पट्टी, वायरच्या भोकाला सिलिकॉन.

थर्मोस्टॅट

असहमत. गणित बरोबर आहे, पण ते खोली सतत १८ अंशांवर ठेवणाऱ्याचं आहे. बहुतेक लोक संध्याकाळी तीन-चार तास हीटर लावतात. त्या वेळी उष्णता बाहेर जाण्याआधी भिंती ती पिऊन टाकतात. तुमच्याच खोलीच्या त्या दोन वीटभिंतींचं वजन सहा-साडेसहा टन भरेल. त्या एका अंशाने तापवायला जवळपास दीड युनिट लागतं. छपरावर कितीही लोकर अंथरली तरी थंड पडलेली भिंत आधी आपला वाटा घेणारच.

म्हणून माझं म्हणणं असं की उष्णता ज्यातून येते ते यंत्र बदला. ऑइल हीटर, ब्लोअर, हॅलोजन, कोणताही घ्या, एका युनिटला एक युनिटच उष्णता देतो. ऑइल हीटर जास्त बचत करतो हा समज चुकीचा आहे. तो बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो इतकंच. गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी मात्र बाहेर ७ अंश असताना एका युनिटला तीन ते चार युनिट उष्णता आत आणतो. २००० वॉटची गरज ६००-७०० वॉटमध्ये भागते. छपराला हातही लावावा लागत नाही.

माळा

७ अंशांचा आकडा कॅटलॉगचा आहे. पहाटे बाहेर उणे ५ झालं की तोच एसी एका युनिटला दोन युनिट उष्णतेच्या आसपास येतो, आणि त्याची एकूण क्षमताही घटते, म्हणजे गरज जास्त तेव्हाच यंत्र अशक्त. शून्य ते पाच अंश आणि दमट हवा असेल तर बाहेरच्या कॉइलवर हिम धरतं. ते वितळवायला यंत्र अधूनमधून उलटं चालतं आणि तेवढा वेळ आत ऊब येत नाही. शिवाय २००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे चार-पंचमांश, म्हणून पंख्यातून जाणारी हवा वजनाने कमी. गळक्या खोलीसाठी मग मोठा एसी घ्यावा लागतो. छप्पर झाकलेलं असेल तर लहान पुरतो.

घेणारच असाल तर बाहेरचं युनिट जमिनीवर ठेवू नका. हिम पडतं तिथे नेहमीच्या थराच्या वर राहील इतक्या उंच स्टँडवर बसवा आणि वितळलेलं पाणी पायवाटेवर जाणार नाही असं बघा, रात्री तिथे बर्फाचा गुळगुळीत पापुद्रा होतो. आणि दुकानात स्पष्ट विचारा: 'हा हीटिंग करतो का?' सगळे इन्व्हर्टर एसी करत नाहीत.

दोनबादल्या

तुम्ही दोघं खोलीवर भांडताय आणि गिझरकडे कुणी बघत नाही. खोली वर्षातले चार-पाच महिने तापवाल, अंघोळ रोज करणार.

२० लिटरची बादली ४० अंशांवर हवी. नळाचं पाणी २५ अंश असेल तर ०.३५ युनिट. तेच ८ अंशांचं असेल तर ०.७४. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. हे गिझर कितीही 'स्टार'वाला असला तरी लागणारच. पाणी तापवण्यात पळवाट नाही.

बचत पाणी तापण्याआधी आणि तापल्यानंतर आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे सगळ्यात गार असतं, दुपारनंतर त्याचा गारठा बऱ्यापैकी कमी होतो. उन्हात काळी टाकी आणि अंघोळ दुपारी उशिरा, एवढ्याने आठ अंश पदरात पडले तर प्रत्येक बादलीमागे जवळपास ०.१९ युनिट वाचतं. पाणी आदल्या संध्याकाळी घरात भरून ठेवण्याचा सल्लाही ऐकू येतो. खोली हीटरने तापवत नसाल तरच तो खरा. तापवत असाल तर ते पाणी तुमच्या हीटरचीच ऊब घेतं.

तापल्यानंतरचं नुकसान नळीत आहे. गिझरपासून नळापर्यंत अर्धा इंची नळी १० मीटर असेल तर तिच्यात पावणेदोन लिटर पाणी अडकतं आणि प्रत्येक वेळी थंड होऊन वाया जातं. गिझर न्हाणीतच लावा, उघड्या नळीला नायट्राइल फोमचं आवरण घाला. २ किलोवॉटचा १५ लिटरचा गिझर १० वरून ६० अंशांवर यायला २६ मिनिटं घेतो. टायमर त्या हिशोबाने लावा, दिवसभर चालू ठेवू नका.

आणि ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मैदानी भागातून सोबत आणू नका. ८ अंशांच्या पाण्यावर तो मिनिटाला जेमतेम १.३ लिटर देतो. बादली भरायला पंधरा मिनिटं.

थर्मोस्टॅट

गिझरचा मुद्दा मान्य. पण मग सौर हीटर का सुचवत नाही?

दोनबादल्या

सुचवेन, पण आधी जागा बघा. डोंगराच्या सावलीतल्या घरावर हिवाळ्यात ऊन दहाला येतं आणि तीनला जातं, हे उन्हाळ्यात घर बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ऊन पुरेसं असेल तर काचेच्या निर्वात नळ्यांचा प्रकार घ्या, थंड हवेत तो सपाट पॅनेलपेक्षा चांगला टिकतो. रात्री गोठतात त्या मुख्यतः जोडनळ्या, आवरण तिथे घाला. आतल्या वीज-कॉइलचा स्विच वेगळा ठेवा. नाहीतर ती रात्रभर पाणी तापवत बसते आणि सकाळी उन्हाला करायला काम उरत नाही.

पांघरूण

घर भाड्याचं असेल तर छप्पर आणि एसी दोन्ही विसरा. खोलीऐवजी माणूस तापवा. एका माणसाचं विजेचं ब्लँकेट १०० वॉटच्या आत असतं. झोपायच्या अर्धा तास आधी बटण मोठ्यावर, नंतर लहानावर ठेवलं तर रात्रीचं एक युनिटही होत नाही. टेबलाखाली पायांसाठी छोटं हीटिंग पॅड. घर सोडताना दोन्ही सोबत येतात. ब्लँकेट दुमडून चालू ठेवू नका, त्यावर जड काही ठेवू नका. तान्ह्या बाळांना किंवा मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना देऊ नका. चटका बसला तरी कळत नाही.

ओलावा

पांघरूण यांचा उपाय अंगाला ऊब देतो, भिंत मात्र ८ अंशांवरच राहते. झोपलेला माणूस तासाला ४०-५० ग्रॅम वाफ सोडतो. ती गार भिंतीवर पाणी होऊन बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीत घरात किमान १८ अंश सुचवले आहेत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात नुसत्या ब्लँकेटवर भिस्त ठेवणं मला पटत नाही.

फटी बुजवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट कळकळीने. घरात कोळशाची शेगडी, गॅसचा हीटर किंवा न्हाणीत गॅस गिझर असेल तर फटी बुजवून तो चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. वीज वाचवायला म्हणून शेगडी खोलीत आणण्याचा विचारसुद्धा नको. विजेवरच असाल तर खुशाल बुजवा, पण सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या पाच-सात मिनिटं सताड उघडा. हवा बदलते, भिंतींची ऊब तशीच राहते.

खोलीत कपडे वाळवणंही फुकट नाही. एक लिटर पाणी सुकवायला ०.६८ युनिट उष्णता खोलीतूनच जाते. मशीनमध्ये ड्रम जास्त वेगाने फिरवून पिळून घ्या.

पत्रा

धागाकर्त्यांच्या छपराबद्दल. रॉकवूल नुसतं अंथरलं तर बहुतेक दुसऱ्या हिवाळ्यात ते भिजलेलं सापडतं. खोलीतली वाफ सीलिंगच्या सांध्यांतून वर जाते, गार पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब धरतात आणि टपटप लोकरीवर पडतात. ओली लोकर उष्णता अडवत नाही. लोकांना वाटतं पत्रा गळतोय, म्हणून वरून डांबर लावतात. गळती नसतेच.

माळा

बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. प्लास्टिकचा कागद लोकरीच्या खाली, म्हणजे खोलीच्या बाजूला घालायचा. जोड किमान १५ सेंटिमीटर एकावर एक, चिकटपट्टीने बंद. दिव्यांसाठी त्यात भोकं पाडायची नाहीत, दिवे सीलिंगच्या खाली लावायचे. लोकर आणि पत्रा यांच्यात चार-पाच सेंटिमीटर पोकळी आणि दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे उरलेली वाफ वाऱ्याने जाते. लोकरीऐवजी थर्माकोल वापरणाऱ्यांनी खोलीच्या बाजूला जिप्सम बोर्ड घातल्याशिवाय ते ठेवू नये, आगीत त्याचा धूर विषारी असतो.

थर्मोस्टॅट

एवढं नीट करून देणारा गवंडी मिळाला तर छप्पर आधी, हे मी मान्य करतो. नाही मिळाला तर एसीच. आणि दोन्ही होईपर्यंत हीटर लावणार असाल तर भिंतीतला सॉकेट १६ अँपिअरचा आहे का बघा. २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी पडतं. तसा डाग दिसला तर बोर्ड त्याच दिवशी काढून टाका.