आजारपणानंतर कामावर परतताना बेनिफिट बंद करावेत का? (ब्रिटनमधल्यांसाठी चर्चा)

टेम्सकाठी

इथल्या आपल्या लोकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आहे, की बेनिफिट म्हणजे घरी बसणाऱ्यांचे पैसे. त्यामुळे वर्ष-दीड वर्षाच्या आजारपणातून उठून माणूस कामावर गेला रे गेला, की सगळ्यात आधी युनिव्हर्सल क्रेडिट (यूसी, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) बंद करून टाकतो. "पगार सुरू झाला, आता कशाला?" मला हे मुळीच पटत नाही.

यूसी २०१३ मध्ये आलं तेच सहा जुने बेनिफिट एकत्र करून, आणि त्यातला वर्किंग टॅक्स क्रेडिट तर नोकरी करणाऱ्यांसाठीच होता. म्हणजे कमी पगारावर काम करणारा माणूस या योजनेत पहिल्यापासून धरलेला आहे.

माझंच सांगते. ब्रेस्ट कॅन्सरची केमो आणि रेडिएशन संपल्यावर मी आठवड्याला दोन दिवस कामावर जायला लागले. हातात महिन्याला ९०० पौंड येत होते. आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असं ठरलेलं असेल तर वर्क अलाउन्स मिळतो. घरभाड्याची मदत घेत असाल तर ४११ पौंड, नसाल तर ६८४ (आकडे २०२५-२६ चे). तेवढ्या कमाईला कुणी हात लावत नाही. त्याच्या वर पौंडामागे ५५ पेन्स कापतात. माझे ९०० वजा ४११, राहिले ४८९. त्याचे ५५ टक्के म्हणजे २६९ पौंड यूसीतून गेले. पण पगार ९०० आला. महिन्याला ६३१ पौंड जास्त, ते कामावर गेले म्हणूनच ना?

आणि पैशांपेक्षा मोठं म्हणजे मला घाई करावी लागली नाही. केमोनंतर बोटांची टोकं बधिर असायची, ब्लाउजचं हुक लागता लागायचं नाही, कीबोर्डवर चुकीची अक्षरं पडायची. दुपारी दोननंतर डोकं चालायचं नाही. अशा अवस्थेत भाडं भरायला पूर्णवेळ जावं लागलं असतं, तर मी पुन्हा अंथरुणाला खिळले असते.

म्हणून माझं म्हणणं: हक्काचं आहे ते घ्या, आणि परतल्यावर लगेच बंद करू नका. तुम्हाला काय वाटतं?

मिल्टनकीन्सकर

ताई, तब्येत सुधारली हे वाचून बरं वाटलं. पण मी तुमच्याशी सहमत नाही.

तुम्ही पहिल्या ९०० पौंडांचा हिशोब दिलात, पुढचा नाही. तास वाढवले आणि वर्षाचा पगार १२,५७० पौंडांच्या वर गेला की प्रत्येक जादा पौंडातून २० पेन्स टॅक्स आणि ८ पेन्स एनआय (नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी) जातात. उरलेल्या ७२ मधून यूसीवाले ५५ टक्के, म्हणजे जवळपास ४० पेन्स घेतात. खिशात पडतात ३२ पेन्स. एवढ्यासाठी जास्तीचा दिवस कोण भरेल? माझ्या टीममध्ये एक जण असाच दोन दिवसांवर अडकला. तब्येत ठणठणीत झाली तरी "परवडत नाही" म्हणून तिसरा दिवस घेत नव्हता. दोन वर्षांत त्याचं काम दुसऱ्यांकडे गेलं, बढती हुकली. मदत म्हणून घेतलेला पैसा माणसाला जागच्या जागी बसवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्याकडे अडचण आली तर आधी साठवलेलं मोडतात, मग भावाला फोन करतात. सरकारकडे सगळ्यात शेवटी जायचं. मला ही रीत आजही योग्य वाटते. त्या पैशांवर आपल्यापेक्षा गरजू माणसाचा हक्क आहे.

वॉर्डसिस्टर

@मिल्टनकीन्सकर, भावाला फोन करायचा म्हणता. भाऊ नसेल त्याने?

मी नर्स आहे. स्टॅट्युटरी सिक पे, म्हणजे आजारपणात मालकाने कायद्याने द्यायचा पगार, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ११८.७५ पौंड होता, तोही २८ आठवडेच. त्यावर दक्षिण इंग्लंडात भाडं निघत नाही. त्यामुळे माणसं अर्धवट बरी होऊन कामावर पळतात आणि पुन्हा आमच्याकडे येतात. बायपास झालेला माणूस सहाव्या आठवड्यात गोदामात खोकी उचलायला लागला, तर काय होणार?

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. फिट नोटवर (आजारपणात कामासाठी मिळणाऱ्या डॉक्टरी दाखल्यावर) फक्त "कामाला योग्य नाही" एवढाच पर्याय नसतो. "काही बदल केले तर काम करू शकेल" असंही लिहून मिळतं: हळूहळू तास वाढवणं, वेगळं काम, वेगळ्या वेळा. आणि कॅन्सर, एचआयव्ही, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस) असेल तर २०१० च्या इक्वॉलिटी ॲक्टप्रमाणे निदान झाल्या दिवसापासून तुम्हाला संरक्षण आहे. मॅनेजर ऐकत नसेल तर हे तोंडावर सांगा. आपले लोक मॅनेजरसमोर फार गप्प राहतात, त्याचा मला राग येतो.

कोथरूड ते कॉव्हेंट्री

चर्चा चांगली आहे, पण "हक्काचं आहे ते घ्या" हे कोणाला उद्देशून? माझ्यासारखे स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेले हजारो जण आहेत. आमच्या व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं असतं, पब्लिक फंड्स (सरकारी मदतीचे पैसे) घ्यायचे नाहीत. यूसी त्यात येतं. टॅक्स आम्हीही भरतो, एनआय आम्हीही भरतो, आजारी आम्हीही पडतो. तुमचा सल्ला ऐकून कुणी क्लेम टाकला तर व्हिसा धोक्यात. धाग्याच्या पहिल्या ओळीत हे लिहायला हवं होतं.

टेम्सकाठी

@कोथरूड, बरोबर. यूसीचं मी लिहिलं ते नागरिक आणि आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) असलेल्यांसाठी. पण तुमच्यासाठीही दारं अगदीच बंद नाहीत. सिक पे पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. न्यू स्टाइल ईएसए (आजारपणामुळे काम न जमणाऱ्यांचा भत्ता) हाही नाही, कारण तो तुमच्याच एनआयवर मिळतो. नवरा-बायकोत एक नागरिक आणि दुसरा स्पाउस व्हिसावर असेल, तर नागरिक क्लेम करू शकतो. रक्कम एकट्या माणसाच्या दराने मिळते आणि जोडीदाराची कमाई मात्र धरली जाते.

@मिल्टनकीन्सकर, तुमचा ३२ पेन्सचा हिशोब चूक नाही. पण त्याचा निष्कर्ष "घेऊ नका" असा कसा निघतो? कापणी कमी करा म्हणून खासदाराला पत्र लिहा. २०२१ च्या शेवटी हीच कापणी ६३ वरून ५५ टक्क्यांवर आली, म्हणजे ती दगडावरची रेघ नाही. शिवाय पेन्शनमध्ये भरलेला पैसा यूसीच्या हिशोबात कमाई म्हणून धरतच नाहीत. तिसऱ्या दिवसाचा पगार त्याने पेन्शनमध्ये टाकला असता तर त्यावर यूसीची कापणी झालीच नसती. हे त्याला कुणी सांगितलं नाही, हे खरं दुखणं आहे.

आणि बंद का करू नये, ते ऐका. एप्रिल २०२६ पासून नव्याने क्लेम करणाऱ्या बहुतेकांना यूसीतला आजारपणाचा भाग जुन्यांच्या जवळजवळ निम्माच मिळावा, असा कायदा २०२५ मध्ये झाला. आज उत्साहाच्या भरात बंद केलं आणि वर्षभराने दुखणं उलटलं, तर नवीन दराने सुरुवात. पगार वाढून यूसी शून्यावर आलं तर येऊ द्या. सहा महिन्यांच्या आत कमाई घसरली तर कामाच्या क्षमतेच्या जुन्या तपासणीच्या निकालासकट परत सुरू करता येतं.

घरखर्च

माझं थोडं वेगळं. नवरा आयटीत, त्यामुळे यूसी मिळण्याचा प्रश्नच नाही, तिथे दोघांची मिळून कमाई बघतात. लाँग कोविडमध्ये मी घरी होते तेव्हा न्यू स्टाइल ईएसए मिळाला, त्यात नवऱ्याचा पगार बघत नाहीत. आठवड्याला १६ तासांच्या आत आणि ठरावीक कमाईपर्यंत (२०२५-२६ मध्ये १९५.५० पौंड) काम करता येतं, फक्त आधी कळवायचं. शेजारच्या शाळेत दुपारचे दोन तास करून बघितले. जमतंय का ते नोकरी न सोडता, न धरता कळलं.

मनात भीती एकच होती, काम सुरू केलं की परत तपासणीला बोलावतील आणि सगळं काढून घेतील. ही भीती माझी एकटीची नाही. मार्च २०२५ च्या ग्रीन पेपरात (धोरणाच्या प्रस्तावात) सरकारनेच म्हटलं, की लोक या धास्तीने काम करून बघत नाहीत, आणि काम करून बघण्याचा हक्क कायद्यात आणू.

मिल्टनकीन्सकर

पेन्शनचा मुद्दा नवा कळला. तरी माझं मत कायम आहे: ज्याची बचत आहे त्याने आधी ती वापरावी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. १६,००० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर यूसी मिळतच नाही. इथल्या किती मराठी घरांचा पुण्यात नाहीतर ठाण्यात फ्लॅट आहे? तो धरला जातो. लपवला तर फ्रॉड. त्यामुळे ही सगळी चर्चा आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागूच नाही.

टेम्सकाठी

लपवायचं अजिबात नाही, यात आपलं एकमत. पण फ्लॅट आहे म्हणजे संपलं, असंही नाही. त्यावरचं कर्ज आणि विक्रीखर्चापोटी किमतीच्या १० टक्के रक्कम वजा होते. आणि त्या घरात तुमचे आईवडील किंवा सासूसासरे राहत असतील, त्यांनी इथलं पेन्शनचं वय (२०२५-२६ मध्ये ६६) ओलांडलं असेल किंवा आजारपणामुळे ते काम करू शकत नसतील, तर ते घर मालमत्तेत धरत नाहीत. कितीतरी जणांनी फ्लॅटच्या धास्तीने फॉर्मच भरलेला नाही, आणि त्या फ्लॅटमध्ये त्यांची सत्तरीतली आई राहते.

घरखर्च

@टेम्सकाठी ताई, एका मैत्रिणीसाठी विचारते. तिच्या नाशिकच्या घरात सासूबाई राहतात, वय ६४. स्ट्रोक झालेला आहे, उजवा हात चालत नाही. मग?

टेम्सकाठी

वयात बसत नाहीत, पण आजारपणाच्या निकषात बसू शकतात. डॉक्टरांचे कागद इंग्रजीत करून घ्यायला सांगा. क्लेम टाकतानाच घर जाहीर करायचं, आणि त्यात कोण राहतं, त्यांची तब्येत कशी आहे हे यूसीच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लिहायचं. त्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेत कागद दाखवून यायचं, फुकट असतं. उशीर मात्र नको, यूसी मागच्या तारखेने मिळालंच तर जास्तीत जास्त एक महिन्याचं मिळतं.