'कॅप्टिव्ह' प्राण्याला मराठीत काय म्हणाल?

टिटवी: एका प्रदर्शनासाठी फोटोंखालच्या ओळी मराठीत करतेय. सगळे प्राणिसंग्रहालयातले प्राणी. मी 'बंदिस्त' लिहिलं, तर फोटोग्राफर म्हणाला, "बंदिस्त पटकथा असते, नाट्यगृह असतं. बंदिस्त वाघ म्हणजे वाघाचं कौतुक केल्यासारखं वाटतं." आता मलाही तसंच वाटायला लागलंय. 'कैदी' म्हणावं तर गुन्हा काय केला त्याने?

खवचटकाका: पिंजऱ्यातला वाघ. संपलं.

टिटवी: काका, पिंजरा कुठाय? राणीच्या बागेतल्या पेंग्विनपुढे नुसती काच. त्या फोटोत काचेतली पोरांची प्रतिबिंबं पेंग्विनांवरच उमटलीत. आत कोण नि बाहेर कोण, कळत नाही. खालच्या शब्दाने आधीच निकाल लावला तर फोटो कशाला बघायचा?

शब्दवेल्हाळ: 'निरुद्ध' घ्या. नेमका आणि आपला.

खवचटकाका: निरुद्ध पेंग्विन! प्राणायाम करतोय का?

बोरिवलीकर: आमच्याकडे बिबट्या पकडला की पेपरात 'जेरबंद' ठरलेलं. पण ते पकडतानाचं. वर्षानुवर्षं आत असलेल्याला नाही म्हणत कोणी.

शब्दवेल्हाळ: तो शब्द आपला नाही, फारसी. जेर म्हणजे खाली. घोड्याने मान उडवू नये म्हणून खालून बांधतात, तो पट्टा जेरबंद.

झूमवाली: शब्दावरून बक्षीसही जातं बरं. लंडनच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणारा लांडगा पहिला आला. लांडगा बहुधा माणसाळवलेला, असं ठरवून २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरने हा आरोप नाकारला होता. माझं मत 'माणसाळवलेला'ला.

टिटवी: पण पेंग्विन कुठे माणसाळलेत? माशापुरते येतात.

भुलेश्वरी: आमच्या इथल्या पांजरपोळातला 'पांजर' म्हणजे पिंजराच, असं आजोबा सांगायचे. १८३४ चा आहे तो. तिथे जनावर वाचवायला आत घेतात. म्हणून मला 'पिंजऱ्यातला' इतका वाईट वाटत नाही. अस्थिपंजरातही तोच, म्हणजे प्रत्येकाच्या छातीत एक आहेच.

खवचटकाका: बघा, मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

माडवाला: मधेच बोलतो, पण 'राणीच्या बागेत' काय? आमची आजी 'राणीच्या बागात' म्हणायची. बाग तो. आमच्या गावी माडांचा बागच असतो.

शब्दवेल्हाळ: प्रमाण मराठीत ती बाग.

माडवाला: प्रमाण मराठी भायखळ्याला कधी उतरली?

टिटवी: अहो, मजकूर शुक्रवारी छपाईला जायचाय.

भुलेश्वरी: आणि लालबाग? तो, ती की ते?