पूलमध्ये सोडा कुणी ओतला?

बी-४०३ (सकाळी ६:५२): सेक्रेटरी साहेब, आज परत तेच. भिंतीतल्या नोझलमधून सोडा वॉटरसारखे बुडबुडे. पंपाच्या पारदर्शक झाकणातून बघितलं तर कचरा अडवणारी बास्केट पाण्यानं निम्मीच भरलेली. 

ए-१०१ काकू: शुभ सकाळ. आज संकष्टी आहे.

सी-२०२: पूल बंदच करा. आमच्यात कुणी पोहत नाही. मेंटेनन्समधून वजा करा.

सेक्रेटरी: नमस्कार. कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला. जमिनीखालचा पाईप फुटलाय म्हणतो, डेकच्या फरशा उचकटाव्या लागतील. कोटेशन कमिटीच्या ग्रुपवर टाकलंय.

बी-१०४: कमिटीच्या ग्रुपवर का? पैसे आमचे आणि कोटेशन तिकडं?

ए-५०१ काका: थांबा. फरशीला हात लावू नका. पंपाच्या पुढं पाईप फुटला तर पाणी बाहेर येतं, हवा आत शिरत नाही. तिथं दाब असतो. हवा ओढली जाते पंपाच्या आधी, सक्शनला. आणि सक्शनचे निम्मे जोड पंपरूममध्ये डोळ्यासमोर हायत.

बी-४०३: पण काका, तिथं थेंबभर गळत नाही.

ए-५०१ काका: पंप चालू असताना गळणारच नाही, ओढून घेतंय ना. बंद केल्या केल्या बघायचं, कधी कधी तिथनंच पाणी पिचकतं. आणि आधी पूलची पातळी बघा. स्किमर, म्हणजे वरचं पाणी ओढणारी भिंतीतली खिडकी, तिच्या तोंडाच्या निम्म्यावर पाणी पायजे. खाली गेलं की हवा तिथनंच शिरते.

ए-३०२: पातळी कमी होणारच. शनिवारी पूलच्या नळाला पाईप लावून कुणाची गाडी धुतली ते सीसीटीव्हीत आहे.

बी-१०४: नाव घेऊन बोला की.

ए-३०२: मी कुठं नाव घेतलं? तुम्हीच पुढं आलात.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा.

सी-२०२: पूल बंदच करा. मेंटेनन्समधून वजा करा.

बी-६०२: काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं कोल्हापुरात आलं. आपल्याला पंधरा फुटांचा पाईप सापडंना.

बी-४०३: पोरं विचारतात, आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे कुठं पोहत होता. २०१० च्या एशियाडला ब्राँझ आणलं त्यानं. इथं पोरांच्या आधी पंपालाच धाप लागतीय.

ए-५०१ काका (९:४०): पंपरूममध्ये आहे. पातळी ठीक आहे. झाकणाचा ओ-रिंग (रबरी कडं) काढला तर फुगून शेवयासारखा लांबलाय, खाचेत बसतच नाही. ह्याला वॅसलीन कुणी लावलं?

सेक्रेटरी: मीच लावलं. कोरडा पडला होता.

ए-५०१ काका: साहेब, वॅसलीननं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावायचं. उद्यमनगरातनं नवा ओ-रिंग आणतो, जुना नमुन्याला घेतलाय.

बी-६०२: जाताच आहात तर येताना मिसळ आणा. तर्री वेगळी.

ए-१०१ काकू: आज संकष्टी आहे म्हटलं ना.

ए-५०१ काका (११:३५): ओ-रिंग बदलला. बुडबुडे कमी झाले, गेले नाहीत. काकू, अगरबत्ती द्या दोन-चार.

ए-१०१ काकू: पूजा घालताय पंपाची?

बी-४०३ (१२:१०): मी तिथंच आहे. काकांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि चालू पंपाच्या एकेका जोडाजवळ अगरबत्ती धरली. व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ धूर सरळ वर. युनियनजवळ, म्हणजे फिरवून सुटणाऱ्या जोडाजवळ, सरळ. ड्रेन प्लगजवळ सरळ. पंपाच्या तोंडाशी पाईप आट्यांवर बसवलाय, तिथं धूर वाकडा झाला आणि वरून थापलेल्या लांबीच्या (पुट्टीच्या) भेगेत शिरला! दाढीचा फेस लावला, तर तोही आत ओढला जाऊन खळगा पडला.

ए-५०१ काका: फौंड्रीत ब्लोहोल, म्हणजे ओतकामातली हवेची भोकं, हुडकण्यात जन्म गेला, हे काय अवघड. मे महिन्यात पंप रात्रभर कोरडा फिरला होता, आठवतंय? आत उरलेलं पाणी तापलं, पीव्हीसीचा आट्यांचा तुकडा आक्रसला. वरनं लांबी थापून काय होतंय? कापून नवा एमटीए, म्हणजे तसलाच आट्यांचा तुकडा, घालायचा, आट्यांना टेफ्लॉन टेप, मागच्या जोडाला पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन. उद्या सकाळपर्यंत पंपाला हात लावायचा नाही.

बी-१०४: मे मध्ये व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप लावला कुणी?

सेक्रेटरी: तो विषय मागच्या मीटिंगमध्ये संपला आहे.

बी-१०४: तुमच्यापुरता.

सेक्रेटरी: आणि जमिनीखालचा पाईपही फुटला असेल तर?

ए-५०१ काका: उद्या जोड वाळला की पूलच्या तळातल्या मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद करून नुसत्या स्किमरवर चालवू, मग उलट. एकाच लाईनवर हवा आली तर तेवढीच खणू. तोवर कोटेशन तुमच्याकडंच ठेवा.

ए-३०२: काकांना सगळ्यांतर्फे धन्यवाद. नाद खुळा.

सी-२०२: म्हणजे पूल बंद नाही होणार? मग वजा कधी करणार?

ए-१०१ काकू: माझा अगरबत्तीचा पुडा खालीच राहिलाय. कुणीतरी वर पाठवा, चंद्रोदयाला लागंल.