मदत हवी आहे: कारचा ॲम्प चालूच होऊन नाही राहिला

मानेवाडा_एक्सप्रेस:
ॲम्पचा (स्पीकरचा आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) लाइटच लागून नाही राहिला. फ्यूज पाहिला, चांगला आहे, बॅटरीची वायर पण टाइट आहे. दुकानवाला म्हणते ॲम्प गेला, नवा घ्या. चार चॅनलचा आहे, काही जुना नाही. रविवारी लग्नाला उमरेडला जायचं आहे, त्याच्या आत पाहिजे. माहीत असेल त्यानं लवकर सांगा.

सोल्डरकाका:
गाडी कोणती, स्टिरिओ कोणता, आधी चालत होता का, लाइट अजिबात नाही की प्रोटेक्टचा (बिघाड दाखवणारा) लाल लागते? एवढं तरी लिहा ना बाप्पा. अन् फ्यूज पाहिला म्हणजे कोणता? बॉनेटमध्ये बॅटरीजवळ एक असते, ॲम्पच्या अंगावर वेगळे असतात.

ढोलताशा:
दुसरं काही नाही, ग्राउंड (गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थची वायर) आहे. माझ्या गाडीत सेम झालं होतं. पोरानं मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊन ठेवला होता अन् खाली पूर्ण रंग. पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पत्रा काढला, वायर कसली, लगेच चालू.

सोल्डरकाका:
सीटबेल्टचा बोल्ट कायले खोलता भाऊ, तो जीव वाचवायसाठी आहे. बाजूला पत्रा घासून वेगळा नटबोल्ट मारा.

ढोलताशा:
चालू तर झाला ना.

मानेवाडा_एक्सप्रेस:
स्विफ्ट आहे. लाल नाही, निळा नाही, काहीच नाही. दोन्ही फ्यूज डोळ्यानं तर चांगलेच दिसतात. दुकानात चालू होता म्हणून तर पैसे देऊन आलो.

बर्डीवाला:
मी म्हणतो आधी बंद डब्ब्याचा १० इंची सबवूफर घ्या. पोर्टवाल्या डब्ब्यात आवाज मोठा येते पण डिक्की पूर्ण जाते, लग्नाच्या बॅगा कुठं ठेवाल?

मानेवाडा_एक्सप्रेस:
सबवूफर विचारलाच नाही मी.

फुलव्हॉल्यूम:
जास्त विचार नका करू, फ्यूज काढून ६० ॲम्पिअरचा टाका. छोटा फ्यूज लोड घेत नाही.

सोल्डरकाका:
असले सल्ले नका देऊ बे कोणाले. फ्यूज वायरीसाठी असते, ॲम्पसाठी नाही. वायर ३० झेलणारी अन् फ्यूज ६० चा, म्हणजे शॉर्ट झालं की फ्यूजच्या आधी वायर पेटते, अन् ती कार्पेटच्या खालून गेलेली असते. त्यात स्वस्त किटची वायर बहुतेक ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, ती अजून कमी झेलते.

धागाकर्ते, मीटर (मल्टिमीटर) घ्या. ॲम्पवर पॉवरचे तीन स्क्रू असतात: बी प्लस (बॅटरीची वायर), ग्राउंड, रेम (रिमोट, स्टिरिओ चालू झाला की ॲम्पले चालू करणारी वायर). काळी पिन ॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूवर, बॉडीवर नाही. लाल पिन बी प्लसवर, इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास दिसलं पाहिजे. मग स्टिरिओ चालू करून लाल पिन रेमवर, तिथं पण १२ च्या जवळ पाहिजे. एकट्या मीटरवर विश्वास नका ठेवू, वायरीची एक तार शिल्लक असली तरी मीटर १२ दाखवते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बी प्लस अन् ग्राउंडला लावा. लख्ख पेटला तर लाइन चांगली, मिणमिणला तर फ्यूज होल्डर नाहीतर ग्राउंड खराब. अन् दुकानात काय काम केलं ते अजून नाही सांगितलं.

मानेवाडा_एक्सप्रेस:
स्टिरिओ बदलला ना, अँड्रॉइडवाला टाकला. त्याचा काय संबंध, तो तर मस्त चालते. बल्ब लख्ख. बी प्लस १२.६. रेमवर शून्य.

सोल्डरकाका:
संबंध तोच आहे! आता छोट्या वायरीनं बी प्लस अन् रेम एक सेकंद जोडा. बी प्लस कुठं बॉडीला टेकू नका देऊ.

मानेवाडा_एक्सप्रेस:
लागला!! निळा लाइट लागला. मग दुकानवाल्यानं गेला काऊन म्हटलं?

ऑरेंजसिटी_ऑडिओ:
दुकानात त्यानं एफएम लावून दाखवला असेल, अन् तुम्ही फोनचं ब्लूटूथ लावता. बरोबर? एफएम लावून रेम परत पाहा.

मानेवाडा_एक्सप्रेस:
च्यामारी. एफएमवर १२, ब्लूटूथवर शून्य. कसं ओळखलं?

ऑरेंजसिटी_ऑडिओ:
त्यानं रेमची वायर अँटेनाच्या निळ्या वायरीला जोडली. बऱ्याच स्टिरिओत त्या वायरीत रेडिओ चालू असला तरच करंट येते. ॲम्पची निळी-पांढरी असते, पण अँड्रॉइडच्या हार्नेसमध्ये (मागच्या वायरींच्या जुडग्यात) रंगावर नका जाऊ, लेबल वाचा अन् मीटरनं खात्री करा. अँटेनात बूस्टर असेल तर निळी त्याच्याकडेच राहू द्या, नाहीतर एफएम खरखर करेल. ॲम्पची वायरच नसेल तर चावीच्या लाइनवरून १ ॲम्पिअरचा फ्यूज टाकून घ्या. रेमला करंट नावालाच लागते.

ढोलताशा:
तरी ग्राउंड घासून घ्या.

मानेवाडा_एक्सप्रेस:
निळी-पांढरी टेप मारून आत कोंबलेली होती. जोडली, ब्लूटूथवर पण चालू. आता त्या दुकानवाल्याले पाहतोच.

फुलव्हॉल्यूम:
याच धाग्यात विचारतो, माझ्या गाडीत एक्सिलेटर दिला की स्पीकरमधून कुईंऽऽ येते, काय करू?

ढोलताशा:
ग्राउंड.

सोल्डरकाका:
आधी तो ६० चा फ्यूज काढा, मग नवीन धागा काढा. अन् गाडी कोणती ते लिहाल.