वजा २१ गुणांची डर्बी काउंटी: आधी भिंत बांधायची की जिंकायला जायचं?

कोपरा_झेंडा

एफएम२२ मध्ये (फुटबॉल मॅनेजर २०२२, क्लब चालवण्याचा कॉम्प्युटर गेम) बुडत्या क्लबची सेव्ह, म्हणजे तो क्लब घेऊन खेळलेला डाव, म्हटलं की डर्बी काउंटीचं नाव निघतंच. आणि तिच्याबद्दल हमखास मिळणारा सल्ला असा: आधी मागे बसा, गोल खाऊ नका, गुण आपोआप साठत जातील. माझं म्हणणं, नाही साठत. गणित मांडतो.

२०२१-२२ च्या चॅम्पियनशिपमध्ये (इंग्लंडची दुसऱ्या दर्जाची लीग, २४ पैकी शेवटचे तीन संघ खाली घसरतात) डर्बीचे २१ गुण कापले गेले. क्लब पैशाअभावी प्रशासकांच्या ताब्यात गेला म्हणून सप्टेंबरमध्ये १२, हिशोबातल्या नियमभंगाबद्दल नोव्हेंबरमध्ये ९. मॅनेजर वेन रूनीच्या पोरांनी मैदानावर १४ सामने जिंकले, १३ बरोबरीत सोडवले, म्हणजे ५५ गुण मिळवले. हाती उरले ३४ आणि २३ वा नंबर. वाचलेल्यांत सगळ्यात खाली होतं रेडिंग, ४१ गुणांवर. त्यामुळे २१ ची पूर्ण कपात धरून खेळणाऱ्याने ४६ सामन्यांत ६२-६३ गुणांचं लक्ष्य ठेवायला हवं. सगळेच्या सगळे सामने बरोबरीत सोडवले तरी ४६ च होतात! या सेव्हमध्ये ०-० हा मिळालेला एक गुण नाही, गमावलेले दोन आहेत.

म्हणून पहिल्या सामन्यापासून ४-२-३-१, मेंटॅलिटी (संघाचा पवित्रा) पॉझिटिव्ह, चेंडू गेला की काउंटर-प्रेस (लगेच तुटून पडायचं), डिफेन्सिव्ह लाइन म्हणजे बचावफळी वर, पुढे सरकलेली. टॉम लॉरेन्स स्ट्रायकरच्या मागे, उजवीकडे एबोसेलेचा वेग, मधे धावायला जेसन नाइट. ६५ व्या मिनिटाला बरोबरी असेल तर एका फुलबॅकची ड्युटी सपोर्टवरून अटॅकवर न्यायची. दोघांची एकदम नाही.

शेवटचा_माणूस

गणित मान्य, पण त्यावरून काढलेला डाव मान्य नाही. लाइन वर नेणार ती कोणाच्या जिवावर? त्या मोसमाच्या सुरुवातीला कर्टिस डेव्हिस ३६ वर्षांचा आणि फिल जॅगिएल्का ऑगस्टमध्येच ३९ पूर्ण झालेला. दोघांचं हेडिंग, पोझिशनिंग उत्तम, पण पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन उतरलेलं. एफएमच्या मॅच इंजिनमध्ये याची शिक्षा लगेच मिळते. समोरचा मिडफिल्डर मान वर करतो, एक लांब चेंडू डोक्यावरून टाकतो, त्यांचा स्ट्रायकर वळून पळायला लागतो आणि आपले दोघे अजून वळतच असतात. सामन्यात असं तीनदा झालं तर एक गोल धरूनच चाला.

दुसरी गोष्ट गोलफरकाची (मारलेले वजा खाल्लेले गोल; गुण सारखे असतील तर तोच बघतात), जी तुमच्या गणितात आलीच नाही. रेडिंगचा गोलफरक होता वजा ३३, डर्बीचा वजा ८. म्हणजे ४१ वर दोघांची बरोबरी झाली असती तर डर्बी वाचली असती. ६३ नको, ६२ पुरे. हा एक गुण भिंतीनेच कमावून दिलेला आहे.

माझी मांडणी: लाइन एक पायरी खाली, लाइन ऑफ एंगेजमेंट (जिथून समोरच्याला दाबायला सुरुवात करायची) मधोमध, चेंडू गेला की रीग्रुप (मागे येऊन आपापली जागा धरायची). चेंडू मिळाला की काउंटर आणि पास इंटू स्पेस (मोकळ्या जागेत चेंडू).

दुसरा_पोस्ट

शेवटचा_माणूस, भिंत हा डर्बीचा आजारच नव्हता. ४६ सामन्यांत गोल खाल्ले ५३. तळातल्या संघासाठी हा आकडा चांगलाच आहे. मारले किती? ४५. औषध जिथे दुखतंय तिथे लावायला हवं. आणि रीग्रुप केलं की चेंडू आपल्याच बॉक्ससमोर मिळतो. तिथून पुढे जायला ऐंशी यार्ड आणि सोबतीला एकटा स्ट्रायकर.

मात्र लाइनबद्दल तुमचं बरोबर आहे, म्हणून गोल दुसरीकडून काढावेत: कॉर्नर. हे दोन म्हातारे सेंटरबॅक तिथे सोनं आहेत. जंपिंग रीच आणि हेडिंग जास्त असलेला जवळच्या खांबावर, दुसरा दूरच्या खांबावर, एक जण गोलकीपरच्या अंगाशी, दोघे मागे. मागचे दोघे वेगवान फुलबॅकच हवेत. तिथे मिडफिल्डर ठेवला की परतीच्या काउंटरवर गोल बसतो. कॉर्नर घेणारा निवडताना ‘कॉर्नर’ हा गुण बघा, ‘क्रॉसिंग’ नव्हे. आठवड्याच्या सरावात अटॅकिंग कॉर्नर्सचं एक सत्र, शक्यतो सामन्याच्या आदल्या दिवशी. दहा सामन्यांनी डेटा हबमध्ये सेट पीसमधून (कॉर्नर, फ्री किक) येणारा एक्सजी, म्हणजे संधींवरून अपेक्षित गोल, पाहा. तो वाढत नसेल तर चेंडू टाकणारा बदला, उडी मारणारे नाही.

पगारपत्रक

तिघंही अकरा जणांबद्दलच बोलताय. ते अकरा जण फेब्रुवारीत असतील का, हे आधी बघा. प्रत्यक्षात काय झालं? जॅगिएल्काचा करार जानेवारीपर्यंतचाच होता, निर्बंधांमुळे तो वाढवता आला नाही, आणि तो स्टोकला गेला. ग्रॅम शिनी विगनला विकला. पोरसवदा ल्यूक प्लँज क्रिस्टल पॅलेसने घेतला, पण मोसम संपेपर्यंत डर्बीकडेच लोनवर ठेवला.

म्हणून सेव्ह उघडल्या उघडल्या टॅक्टिक्सच्या पानावर जाऊ नका. स्क्वॉड कराराच्या शेवटच्या तारखेनुसार लावा. जे जानेवारीत मोकळे होतात त्यांच्या जागेवर कोण खेळणार, ते ऑगस्टमध्येच ठरवा आणि त्याला दर सामन्याला शेवटची वीस मिनिटं द्या. सेंटरबॅकच्या जागी एरन कॅशिन आहे. त्याला जानेवारीत थंड उतरवलं तर टॅक्टिकल फॅमिलिॲरिटी (डावाची सवय) आणि मॅच शार्पनेस (सामन्याचा सराव) दोन्ही कमी पडतात. तरुण खेळाडूवर मोठ्या क्लबची बोली आली तर पुढच्या विक्रीतला टक्का मागा, आणि प्लँजसारखा लोनवर परत मिळतो का ते विचारा. रोख रकमेवरून ताणत बसू नका. क्लब प्रशासकांकडे असताना ती रक्कम तुमच्या हाती येत नाही.

कोपरा_झेंडा

लाइनबद्दल मागे घेतो. ती स्टँडर्डवर, आणि काउंटर-प्रेस बंद, कारण मागे सेंटरबॅक हळू असताना पुढच्यांनी धावणं म्हणजे दोन्ही फळ्यांत भगदाड. पण ‘जिंकायला जायचं’ हे मागे घेत नाही. १४-१३-१९ चं (विजय-बरोबरी-पराभव) १७-११-१८ करा, बरोबर ६२ होतात. पराभव फक्त एक कमी झालाय, विजय तीन वाढलेत. भिंतीने तीन विजय कसे वाढतात ते सांगा.

शेवटचा_माणूस

१-० ने आघाडी मिळाल्यावर ती टिकवून. ७० व्या मिनिटानंतर मेंटॅलिटी कॉशसवर (सावध) आणा, टाइम वेस्टिंग वाढवा आणि थकलेला विंगर काढून ताज्या पायांचा माणूस आणा. टीमचे बरेच सामने मंगळवार-शनिवार असे येतात. त्यात जो शनिवारी नव्वद मिनिटं पॉझिटिव्ह खेळतो, त्याच्या पोरांची हृदयाची चिन्हं (गेममध्ये दमछाक दाखवणारी) मंगळवारी केशरी दिसतात, आणि गोल त्याच सामन्यांत शेवटच्या दहा मिनिटांत बसतात. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरीशिवाय काही ठेवू नका.

दुसरा_पोस्ट

कॉशस नको, बॅलन्स्ड ठेवा. कॉशसवर संघ चेंडू मागेच फिरवतो, समोरचा दाबत येतो आणि आपण एकामागून एक कॉर्नर देत सुटतो. आघाडी टिकवायची असेल तर एबोसेलेला ८० मिनिटांपर्यंत काढू नका. तो पुढे उभा आहे एवढ्यानेच त्यांचा एक फुलबॅक मागे थांबतो.